रविवारी पहाटे आपल्या रस्त्यावरून जाणारे सायकलवाले नेमके कुठं जातात? चढ-उताराच्या रस्त्यांचं गणित आणि त्यात गावाचं काय?

सातारा : रविवारी पहाटे दूध घालायला डेअरीवर निघालं की आता एक चित्र नेहमीचं झालंय. डोक्याला हेल्मेट, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, मागं लाल दिवा लुकलुकतोय, आणि पाच-दहा जण एकामागं एक सायकली पळवत चाललेत. कधी कोरेगावकडून पुसेगावला, कधी वाईवरून पसरणी घाटात, कधी औंधवरून रहिमतपूरला. "गाडी असून हे लोक सायकल का हाणतात?" हा प्रश्न पारावर हमखास निघतो. त्यापाठोपाठ दुसराही निघतो, "मोठा हायवे सोडून आपल्याच रस्त्याला का येतात?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. पण त्यातून तिसरा प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या घरचा आहे. ज्या रस्त्यावर रविवारी हौशी सायकलवाला येतो, त्याच रस्त्यावर सोमवार ते शनिवार आपली पोरं सायकलवर शाळेला जातात. रस्ता त्याला धोक्याचा असेल तर पोरांनाही धोक्याचाच. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आपलाच जिल्हा का?

सायकलवाल्याला तीन गोष्टी लागतात : कमी गाड्या, बरं डांबर आणि चढ-उतार. सपाट रस्त्याचा त्याला कंटाळा येतो. आपल्या जिल्ह्यात या तिन्ही गोष्टी एका दिवसाच्या अंतरात मिळतात.

जमिनीची ठेवण बघा. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग. तिथून पूर्वेकडं हाताच्या बोटांसारख्या डोंगररांगा फुटलेल्या. दोन बोटांच्या मधे नदीचं खोरं, आणि रांगेच्या कुशीतून उतरणारे शेकडो ओढे. रस्ता नदीच्या कडेनं गेला तर तो बराचसा सपाट असतो. पण एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचं म्हटलं की रांग ओलांडावीच लागते, तिथं खिंड किंवा घाट येतो. आणि रांगेच्या पायथ्यानं गेलं तर प्रत्येक ओढ्याला रस्ता खाली उतरतो, फरशी पूल ओलांडतो आणि पुन्हा वर चढतो. एसटीत बसून हे कळत नाही, सायकलवर मांड्यांना बरोबर कळतं.

कोरेगाव ते पुसेगाव हा तुकडा त्याचं चांगलं उदाहरण. सातारा सोडलं की संगम माहुलीला कृष्णा ओलांडायची. पुढं कोरेगाव, आणि मग वर्धनगडाच्या पायथ्याचा घाट. ही वर्धनगडाची रांग म्हणजे पाण्याची वाटणी आहे. अलीकडं पडलेलं पाणी वसनेतून कृष्णेला जातं. पलीकडं पडलेलं येरळेत जातं, आणि येरळाही शेवटी सांगली जिल्ह्यात कृष्णेलाच मिळते. सायकलवाला घाट चढून माथ्यावर पोचला की त्याच्या पुढं खटावचं उघडं रान पसरतं. झाडी कमी, आभाळ मोठं, रस्ता लांबपर्यंत दिसणारा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास. एवढा फरक एकाच जिल्ह्यात बघायला मिळतो, म्हणून लोक लांबून येतात.

कोणते रस्ते जास्त चालतात?

एक, पूर्वेचा फेरा : सातारा, कोरेगाव, वर्धनगड, पुसेगाव, वडूज, औंध, रहिमतपूर आणि परत सातारा. अंतर ११५ ते १२० किलोमीटरच्या घरात. एकच मोठा घाट, बाकी सगळा लहान-लहान चढ-उतार. थंडीच्या दिवसांत, ज्वारी उभी असताना हा रस्ता सगळ्यात सुखाचा. उन्हाळ्यात मात्र सकाळी दहानंतर या बाजूला सावलीच मिळत नाही.

दोन, घाटाचा फेरा : वाईवरून पसरणी घाटानं पाचगणी, तिथून महाबळेश्वर, मग केळघर घाट उतरून मेढा आणि कण्हेर धरणाच्या बाजूनं सातारा. इथं चढही मोठा आणि उतारही मोठा. सुट्टीच्या दिवशी उशिरा निघालं तर पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेत अडकायला होतं, म्हणून हे लोक अंधारातच वाई सोडतात.

तीन, पठारं : साताऱ्याहून यवतेश्वर घाटानं कास, किंवा सज्जनगडाच्या बाजूनं ठोसेघर आणि चाळकेवाडी. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलांच्या गर्दीत तिथं सायकल चालवण्यात अर्थ नाही. चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत. जिथं पवनचक्क्या उभ्या, तिथं वारा असणारच. पावसाळ्यात हा वारा पश्चिमेकडून येतो. त्यामुळं त्या दिवसांत पूर्वेकडं जाताना सायकल आपोआप पळते आणि परत येताना सपाट रस्तासुद्धा घाट वाटतो. जाणकार माणूस आधी वाऱ्याच्या तोंडावर जातो आणि दमल्यावर वारा पाठीवर घेऊन घरी येतो.

पाच टक्के चढ म्हणजे किती?

सायकलवाल्यांच्या तोंडी "पाच टक्के", "आठ टक्के" असे शब्द असतात. याचा अर्थ सोपा आहे. शंभर मीटर पुढं गेल्यावर पाच मीटर उंची वाढली तर तो पाच टक्के चढ.

पसरणी घाट घ्या. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी साधारण १,३०० मीटरवर. म्हणजे ६०० मीटर उंची, आणि अंतर बारा-तेरा किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी पाच टक्क्यांच्या जवळ येते. आकडा लहान दिसतो, पण तासाभराचं काम आहे. सराव नसलेल्याला त्याहून जास्त.

आता भाकरीचा हिशेब बघा. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरलं आणि ते १०० मीटर उंच चढवलं, तर शरीराला ढोबळ मानानं ८० ते ९० कॅलरी खर्चाव्या लागतात. आपलं शरीरही इंजिनासारखंच आहे. खाल्लेल्यातला पाव भागच कामाला लागतो, बाकी घामावाटे आणि उष्णतेतून जातो. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर १०० मीटर चढाला अर्धी भाकरी. वाई ते पाचगणीला नुसत्या चढाच्या तीन भाकऱ्या. म्हणून हे लोक दर तासाला केळं नाहीतर चिक्की खातात. न खाता चढत राहिलं तर मधेच पाय गळून जातात आणि डोळ्यापुढं अंधारी येते.

गिअरची सायकल चढावर का जड वाटत नाही?

आपल्या जुन्या काळ्या सायकलला पुढं एक चकती आणि मागं एक. समजा पुढं ४४ दात आणि मागं १८. पायडल एकदा फिरवलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर. म्हणजे एका फेरीत सायकल पाच-साडेपाच मीटर पुढं. सपाटीला हे उत्तम, पण चढावर एका दमात तेवढं ओढायला ताकद फार लागते. शेवटी उतरून सायकल ढकलावी लागते.

गिअरच्या सायकलला पुढं ३४ आणि मागंही ३४ दात लावता येतात. मग एका फेरीला चाक एकदाच फिरतं, सायकल दोन मीटरच सरकते, पण पायावरचा भार निम्म्याहून कमी होतो. एकूण काम तेवढंच राहतं, फक्त ते लहान-लहान हप्त्यांत फेडायचं. बैलगाडीला चढावर आपण बैल सरळ न नेता तिरके-तिरके नेतो, त्यातही हाच हिशेब आहे.

उलट सपाटीला आणि उताराला खरा शत्रू वजन नसून हवा असते. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणून ते चिकटलेले कपडे, ते वाकून बसणं, आणि एकमेकांच्या मागं चिकटून चालणं. पुढच्याच्या आडोशाला मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. थोड्या-थोड्या वेळानं पुढचा बाजूला होतो आणि मागचा पुढं येतो. हवेत बगळ्यांची माळ उडते ना, तसंच.

गाडीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं

ही माहिती ट्रॅक्टर, पिकअप आणि दुचाकी चालवणाऱ्यांसाठी कामाची आहे.

पहिली गोष्ट, यातल्या बऱ्याच जणांचे बूट पायडलला खटक्यानं अडकवलेले असतात. पाय बाहेर काढायला टाच वळवावी लागते. अचानक समोर गाडी आली तर आपल्यासारखा पटकन पाय टेकता येत नाही.

दुसरी, उताराला सायकल ४० च्या वेगानं सहज जाते. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. "सायकलच आहे, तोवर मी वळतो" असं म्हणून शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर घेऊ नका. अंदाज इथंच चुकतो.

तिसरी, ओलांडताना बाजूला जागा सोडा. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकल ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचा नियमच आहे. आपल्या अरुंद रस्त्यावर समोरून गाडी येत असेल तर दहा सेकंद थांबायचं. अगदी जवळ जाऊन मोठा हॉर्न वाजवला तर माणूस दचकून आत वळतो. लांबून एकदा बारीक वाजवला तर तो बाजू देतो.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उसाच्या हंगामाची. दिवाळीच्या मागंपुढं गाळप सुरू होतं आणि मार्चपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. ट्रॉलीला मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकलेला, आणि ती रस्त्याच्या कडेला बंद पडलेली. अंधारात त्यावर आदळून माणसं जातात. त्यात सायकलवाले असतात तसे दुचाकीवरचे आपलेच भाऊबंदही असतात. रिफ्लेक्टरची पट्टी लावायला फार खर्च येत नाही. कारखान्याची वाट न बघता ट्रॉलीमालकानं स्वतः लावावी.

स्पीडब्रेकरचं दुखणं

गावात एखादं पोर गाडीखाली येतं, लोक चिडतात आणि दोन दिवसांत रस्त्यावर मुरूम-सिमेंटचा उंच बंधारा उभा राहतो. लोकांचा राग खोटा नाही. गाड्या वेगानं जातात म्हणूनच ब्रेकर लागतो. पण रंग नसलेला, पाटी नसलेला, उभ्या धारेचा ब्रेकर अंधारात दिसत नाही. चारचाकीला त्याचा नुसता दणका बसतो. सायकलवाला आणि मागं बायको-पोर बसवलेला दुचाकीवाला तिथं थेट पडतो.

याचं ठरलेलं माप आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाप्रमाणं गोलसर ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद हवा. म्हणजे उंची वीतभरापेक्षा कमी आणि रुंदी दोन पुरुषांएवढी. त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडं सूचनेची पाटी हवी. असा ब्रेकर गाडीचा वेग कमी करतो, पण कुणाला पाडत नाही. गावाला ब्रेकर हवा असेल तर अर्ज करून असाच मागावा.

तीच गोष्ट रस्त्यावर वाळत घातलेल्या धान्याची. खळी गेली, जागा नाही, हे खरं. पण ज्वारी-सोयाबीन पसरून कडेला दगड लावले आणि संध्याकाळी दगड तसेच राहिले तर रात्री त्यावर कोण पडेल सांगता येत नाही. धान्य उचललं की दगडही उचलायचे.

रस्ता कुणाचा, अर्ज कुणाला?

खड्ड्याची तक्रार करायची तर रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते आधी कळायला हवं. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारंगी असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा रस्ता.

राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं. चुकीच्या कचेरीत अर्ज गेला की तो नुसता टेबलावर फिरत राहतो. अर्जात रस्त्याचं नाव, कुठल्या दगडापासून कुठपर्यंत, आणि मोबाईलवर काढलेला तारखेसह फोटो एवढं जोडा. सोबत ग्रामसभेचा ठराव असेल तर वजन वाढतं.

आणि नुसता खड्डा बुजवा असं लिहू नका. साइडपट्टी भरून मागा. डांबराची कड आणि कडेची माती यांत वीतभर खड्डा पडलेला असतो. गाडी अंगावर आली की सायकलवरचं पोर खाली उतरू शकत नाही आणि परत वर चढूही शकत नाही. शाळेच्या पोरांसाठी डांबराइतकीच ही साइडपट्टी मोलाची आहे.

गावाला यातून काही मिळतं का?

खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एकदा येणाऱ्या तीस-चाळीस सायकलवाल्यांवर हॉटेल चालत नाही. पण असलेल्या टपरीला रविवारचा जादा गल्ला मिळू शकतो. त्यासाठी फार काही लागत नाही. सकाळी सहाला उघडी टपरी, चहा, पोहे, केळी, उकडलेली अंडी, ताक, चिक्की. स्वच्छ पाणी. मोबाईलवर पैसे घ्यायची सोय. आणि महिलांना वापरता येईल असं स्वच्छ शौचालय. ही शेवटची गोष्ट जिथं असते तिथं लोक आवर्जून थांबतात.

पंक्चरवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. या सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक आणि वेगळा असतो, त्याला प्रेस्टा म्हणतात. आपला पंप त्याला बसत नाही. पितळेचं एक लहान अडॅप्टर मिळतं, ते दुकानात ठेवलं की काम होतं.

कधी एखादा सायकलवाला रात्री दोन वाजता चहा पिऊन बिलाचा कागद जपून खिशात घालतो. त्यात गूढ काही नाही. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या असतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे. पहिला-दुसरा नंबर कुणाचाच नसतो, वेळेत आला तो पास. आपण ठरलेल्या ठिकाणी गेलो होतो याचा पुरावा म्हणून ते बिल ठेवतात. त्यावर तारीख आणि वेळ असली की त्यांचं काम भागतं.

आपली पोरं यात का नसावीत?

जानेवारी २०२६ मध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. सुमारे ४३७ किलोमीटर, मुळशी-मावळपासून पुरंदर-बारामतीपर्यंत. देशोदेशीचे सायकलपटू गावच्या रस्त्यांवरून गेले आणि लोकांनी दुतर्फा उभं राहून बघितलं.

बघण्यापुरतंच का राहावं? नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघातून पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. हे लोक महाराष्ट्राच्याच रस्त्यांवर तयार झाले. रोज शाळेसाठी सहा-सात किलोमीटर चढ-उतार मारणाऱ्या पोरापोरींच्या पायात मुळातच ताकद असते. कुणाला आवड दिसली तर शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडं आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात सायकलिंगच्या स्पर्धांची चौकशी करावी. सुरुवातीला लाखाची सायकल लागत नाही. घरची सायकल घ्या, सीट इतकी उंच करा की पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकेल, दोन्ही ब्रेक तपासा, चेनला तेल द्या. उताराला वळणाच्या आधी ब्रेक मारायचा, वळणात नाही, आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. डोक्याला हेल्मेट आणि मागं लाल दिवा, या दोन गोष्टींवर मात्र पैसे वाचवू नका.

थोडक्यात सांगायचं तर बाहेरचा सायकलवाला आपल्या रस्त्यावर येतो कारण रस्ता शांत आहे आणि रान देखणं आहे. तो दुपारी घरी निघून जातो, रस्ता आपल्याकडंच राहतो. ब्रेकरला पांढरा पट्टा, ट्रॉलीला रिफ्लेक्टर, साइडपट्टीला मुरूम आणि रात्री रस्त्यावर दगड न ठेवण्याची सवय, यातलं एकही काम करोडोंचं नाही. येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर एवढा एक विषय घ्या. दहावीला सायकलवर जाणारी गावातली पोर अंधार पडायच्या वेळी सुखरूप घरी पोचली, तरी त्या ठरावाचं सार्थक झालं म्हणायचं.